पाणाड्याचा ताप

नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात हौसेनं कुणी जात नाही. तिकडं थंड हवा नाही, लेणी नाहीत, आणि बाहत्तरचा दुष्काळ पडल्यावर तर झाडाखाली बसून डबा खावा इतकी सावलीही कुठल्या झाडाला उरली नव्हती. मी गेले ती रक्त आणायला. हे मी वाटेत भेटेल त्याला अगदी सरळपणानं सांगत असे, आणि त्यामुळं बरेच घोटाळे झाले.

मी तेव्हा पुण्यातल्या एका इस्पितळात डॉक्टर होते आणि सेप्टिसिमियावर संशोधन करत होते. साधी जखम चिघळते, तिच्यातले जंतू रक्तात शिरतात आणि धडधाकट माणूस चार-आठ दिवसांत हातचा जातो. खेड्यात याला 'अंगात विष भिनलं' म्हणतात. ते नाव आमच्या नावापेक्षा काही वाईट नाही. आमच्या वॉर्डात असे रोगी यायचे ते अगदी अखेरीला. तोवर वाटेत कुणी कुणी काय काय टोचलेलं असायचं, त्यामुळं रक्तात जंतूदेखील नीट सापडायचे नाहीत. जखम झाल्यापासून आमच्या दारात येईपर्यंत त्या माणसाचं काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, अनवाणी माती वाहत होती, म्हणजे जखमांना तोटा नव्हता. मी आमच्या सरांना म्हटलं, "रोगी माझ्याकडं येईपर्यंत थांबण्यापेक्षा मीच त्याच्याकडं जाते." सर म्हणाले, "जा. पण उन्हाची टोपी घाल." संशोधनाबद्दल त्यांनी मला दिलेला हा एकमेव सल्ला.

भिंगार

नगरपर्यंत एस.टी.नं आलो. आलो म्हणजे मी आणि दामले. दामले आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. वय पन्नाशीला टेकलेलं, वृत्ती सोवळ्याची, आणि हात इतके स्वच्छ की त्यांनी भरलेल्या बाटलीत बाहेरचा जंतू शिरल्याचं कधी ऐकलं नाही. या बाटल्यांत मांसाचा अर्क असतो. जंतूंना तो फार मानवतो. दामले जन्माचे शाकाहारी. ते त्या अर्काला 'माध्यम' म्हणत आणि पुढं काही विचारलं तर चष्मा पुसायला घेत.

काम तसं सोपं. रोग्याचं रक्त माध्यमात घालायचं आणि बाटली माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवायची. रक्तात जंतू असले तर ते एक-दोन दिवसांत वाढतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आणि कुठलं औषध लागू पडेल याचा अंदाज येतो. ऊब द्यायला आमच्याकडं एक पेटी होती. ती विजेवर चालायची. पण दामल्यांच्या मेहुण्यांनी तिच्यात काही तारा घालून ती जीपच्या बॅटरीवर चालेल अशी करून दिली होती. मेहुणे हुशार होते, याबद्दल आजही माझं दुमत नाही.

जीप आणि ड्रायव्हर दोन्ही भिंगारला मिळाले. गुलाबभाई पलटणीत गाडी चालवून निवृत्त झालेले; भिंगारच्या जुन्या बाजारात त्यांचं घर. त्यांच्या बेगमनं आम्हाला खायला घातलं आणि वर पाण्याचे दोन पत्र्याचे डबे जीपमध्ये ठेवले. "भाकरी कुठंबी मिळंल, पाणी कुणाकडं मागू नका," एवढंच त्या म्हणाल्या. जीप उसनी आणलेली. तिच्या मागच्या बाजूला कधीकाळी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता. त्यावर कुणीतरी हिरवा हात मारला होता, पण उन्हानं हिरवा उडून लाल पुन्हा वर आला होता. त्या दिवसांत नसबंदीच्या शिबिरांची गावोगाव धास्ती होती.

"बाईसाहेब, हा तिकोन लई म्हागात पडंल," गुलाबभाई म्हणाले.

"लोक इतके भोळे नसतात," मी म्हटलं.

गुलाबभाईंनी 'जी' म्हणून गाडी सुरू केली. पलटणीत ते एवढं शिकले असावेत.

करंजीच्या घाटापलीकडं

घाट लहानसाच. पण तो उतरला की मुलूख एकदम बदलतो. जमीन भाजलेल्या पापडासारखी फुगून तडकलेली. गुरं छावणीत गेल्यामुळं गोठे ओस. रस्ते मात्र चहूकडं होत होते. एक नवा कोरा रस्ता एका ओढ्यापाशी जाऊन संपत होता, आणि पलीकडच्या गावानं केलेला दुसरा रस्ता समोरून येऊन ओढ्याच्या दुसऱ्या काठाला संपत होता. मधला ओढा कुणाच्याच कामात बसत नव्हता.

पहिल्या गावात आम्ही शिरलो तेव्हा पारावर पानाची चंची उघडी पडली होती, शेजारी चिलीम धुमसत होती आणि माणूस एकही नव्हता. बायका होत्या. त्यांनी सांगितलं, पुरुष मंडळी लग्नाला गेलीत. दुसऱ्या गावातले पुरुषही लग्नाला गेले होते. तिसऱ्या गावात एक पागोटं आमच्यादेखत कोरड्या विहिरीत उतरताना दिसलं. मी काठावर जाऊन वाकले.

"अहो, गावात कुणाला ताप आहे का?"

"हितं कुनी न्हाई," आतून आवाज आला.

"मग बोलतंय कोण?"

आत थोडा विचार झाला. "म्हातारी," तोच भारदस्त आवाज म्हणाला.

"आम्ही ऑपरेशनवाले नाही! आम्हाला फक्त रक्त हवंय!"

यावर विहिरीतलं पागोटं आणखी दोन पायऱ्या खाली गेलं. दामले म्हणाले, "डॉक्टर, हे वाक्य आपण जरा वेगळ्या तऱ्हेनं मांडायला हवं."

वाडीवर

पाथर्डीच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून आत गेलं की एक वाडी लागते. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यावरून वाडीची थट्टा व्हावी असं मला वाटत नाही. दुपार कलली होती. जीप दिसताच पुरुष पांगले. एकच पुरुष जागेवर राहिला. तो लिंबाखाली बाजेवर आडवा होता आणि एक बाई पदरानं त्याला वारा घालत होती.

"तुमचे मालक नाही पळाले?" मी विचारलं.

"पळालं असतं की," ती म्हणाली. "पन उठाया येत न्हाई त्यास्नी."

असा मला माझा पहिला रोगी मिळाला. त्याचं नाव भिवाआप्पा, तिचं सरूबाई. आप्पांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. आता पाय गुडघ्यापर्यंत लाल आणि तट्ट सुजलेला. अंग तव्यासारखं, श्वास धापेचा, नाडी हाताला जेमतेम लागत होती. डोळे उघडे, पण बघणं कुठं तिसरीकडंच. रक्तात विष भिनलेला माणूस कसा दिसतो ते मी पुष्कळ पाहिलं होतं. हा माणूस त्या वाटेवर बराच पुढं गेला होता.

मी दामल्यांना बाटल्या काढायला सांगितलं. तेवढ्यात आप्पांनी उजवा हात वर केला आणि बोट समोरच्या माळाकडं झटकलं.

त्याबरोबर कडब्याच्या गंजीमागून, भिंतींआडून, कणगीतून, सगळीकडून माणसं बाहेर आली. "कुठं दावलं? कुठं?" जो तो विचारत होता. जीप, त्रिकोण, सुया, सगळं विसरून दोनेक डझन पुरुष बाजेभोवती गोळा झाले.

भिवाआप्पा पाणाड्या होते. हातावर नारळ ठेवून, अनवाणी, शेतातून चालायचं. जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, तळव्याला गारवा लागतो, अशी समजूत. आसपासच्या कितीतरी विहिरी त्यांनी दाखवलेल्या. आम्हा पुणेकरांना नळ सोडला की पाणी येतं, नाही आलं तर आम्ही महानगरपालिकेला पत्र लिहितो. इथं पत्र लिहायचं ते आप्पांना.

सरपंच तात्या उंच, किडकिडीत, बोलायला अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाईसाहेब, तुमी डाक्टर हाय, तुमचा मान हाय. पन सुई टोचू नगा."

"का?"

"आप्पा शुद्धीत हुता तवा औंदा त्यानं दावल्याली एकबी हिर लागली न्हाई. ताप चढला आन् त्याला दिसाया लागलं. तवापासनं बोट दावतोय. तुमी ताप उतरवला आन् दिसायचं बंद झालं, तर गावानं काय प्यायचं?"

हा प्रश्न मला कुठल्याही परीक्षेत आला नव्हता.

"तात्या, त्यांना काही दिसत नाहीये. हा वात आहे. ताप मेंदूत गेला की माणूस असं करतो. माझ्या वॉर्डात एकानं मला त्याची सासू समजून शिव्या घातल्या. मी त्याची सासू नव्हते."

तात्यांनी हे नीट ऐकून घेतलं. "पन त्याची सासू वंगाळ हुती का?"

"ते मी विचारलं नाही."

"मंग?" तात्या म्हणाले, आणि भोवतीच्या लोकांनी माना डोलावल्या.

मी समजावलं, चिडले, आवाज चढवला. काही उपयोग होईना. दुष्ट कुणीच नव्हतं. त्यांचे ओठ फुटलेले होते, टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, आणि त्यांच्यापुढं एक बोट होतं. पण माझ्यापुढं एक माणूस होता आणि त्याच्या नाडीचा ठोका मधूनच हरवत होता.

तेव्हा सरूबाई उठली. इतका वेळ ती कुणाकडं बघतही नव्हती.

"तात्या, तुमास्नी पानी पायजे, मला मानूस पायजे," ती म्हणाली. "ह्यो मेल्यावर म्होरल्या सालाला कुनाच्या हातावर नारळ ठिवनार? माझ्या?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "टोचा वो बाई. कोन आडवं येतंय बगते मी."

कुणी आडवं आलं नाही. पण तात्यांनी हात जोडले. "मंग एक फेरी तरी हुं द्या. ताप हाय तंवर. शिवारातनं एकडाव."

खरं तर त्या माणसाला जागचा हलवू नये. पण भांडणात आणखी वेळ घालवला तर फेरीही राहिली असती आणि माणूसही. मी म्हटलं, "आधी रक्त, मग सुई, मग सलाइन. बाटली माझ्या हातात राहील. मी थांबा म्हटलं की थांबायचं." तात्या कबूल झाले. मी रक्त घेतलं, पेनिसिलिन टोचलं, हातात सलाइनची सुई बसवली, आणि चौघांनी बाज उचलली.

ती मिरवणूक मी जन्मात विसरणार नाही. पुढं तात्या, हातात चुन्याच्या फक्कीची पिशवी. मागं बाज. बाजेच्या डावीकडून मी, एक हात उंच करून सलाइनची बाटली धरलेली. उजवीकडं सरूबाई, पदरानं वारा घालत. मागं रक्तदाबाचं यंत्र घेऊन दामले, आणि त्यांच्यामागं सगळी वाडी. आप्पांचा हात उठला की सगळे जागच्या जागी थिजत. मग वाद. कुणी म्हणे बोट बघायचं, कुणी म्हणे कोपर. एकजण म्हणाला, आप्पा उताणा आहे, म्हणजे त्याची दिशा उलटी धरायची. त्यावर बाज फिरवून बघण्यात आली. अर्धी बाटली अंगात गेल्यावर आप्पांची नाडी जरा भरली. सलाइन देण्याची ही पद्धत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही आणि कुणाला सुचवणारही नाही.

माळाच्या कडेला दामले घाम पुसायला थांबले होते. आप्पांनी हात उचलला आणि बोट त्यांच्यावर झटकलं. एकदा, मग पुन्हा, मग आणखी एकदा, अगदी जोरात. तात्या धावले आणि त्यांनी दामल्यांच्या पायांभोवती चुन्याचं कडं केलं.

"डॉक्टर, मी हलू का?" दामल्यांनी विचारलं.

"अजिबात न्हाई," तात्या म्हणाले.

दामले हलले ते पहार आल्यावर.

दुसरा दिवस

आप्पांना नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंच, असं मी ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी नाडी इतकी नाजूक होती की घाटातले धक्के सोसले नसते, म्हणून सकाळवर ढकललं. सकाळी गुलाबभाईंनी जीपची किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. रात्रभर आमच्या पेटीनं जीपची बॅटरी शोषून घेतली होती. पेटी छान उबदार होती आणि जीप गार पडली होती. वाडीनं मनापासून धक्के मारले. जीप शाळेपर्यंत गेली आणि तिथंच राहिली. शेवटी गुलाबभाईंनी बॅटरी काढली, एका सायकलच्या मागं बांधली आणि ती भरून आणायला पाथर्डीची वाट धरली.

आता पेटीही बंद. बाटल्या गार पडल्या तर जंतू वाढणार नाहीत, आणि आप्पांचा ताप पेनिसिलिननं तसूभरही हलला नव्हता. माझ्याजवळ त्याहून जोरदार अशी दोन औषधं होती. एक एका जातीच्या जंतूंवर चालतं, दुसरं दुसऱ्या. दोन्हींचा साठा थोडा. अंदाजानं एक द्यायचं आणि ते चुकलं तर दुसऱ्याला वेळ उरणार नव्हता. पायात पू झालेला नव्हता की तो तपासावा. जे काही कळायचं ते त्या दोन बाटल्यांतूनच.

सरूबाईनं मला हुलग्याचं पातळ, गरम माडगं आणून दिलं. सोबत मिलोची लाल भाकरी. बाहेरदेशचं धान्य, खाताना दातांखाली भुसा लागतो, पण वर ठेचा असला की जातं खाली. तोंड धुवायला तिनं वाटीभर पाणी दिलं आणि मी धुतलेलं पाणी खालच्या घमेल्यात धरून शेळीला पाजलं. मी भाकरी मोडत होते तेव्हा घराच्या कोपऱ्यात पाटीखालून एक कोंबडी माझ्यावर गुरगुरली.

"खुडूक हाय," सरूबाई म्हणाली. "अंडी खाल्ली आमी, तरी बसल्याली हाय."

माझा घास हातातच राहिला. कोंबडीचं अंग माणसाच्या अंगापेक्षा गरम. तिच्या पोटाखाली अंड्याला मिळते तीच ऊब आम्हाला हवी होती.

मी सरूबाईला सांगितलं. ती बाटल्यांकडं बघत राहिली. "काय हाय ह्येच्यात?"

"आप्पांचं रक्त."

"मंजी मालकास्नी उबवायचं?"

"एका अर्थी."

तिनं कोंबडीवरची पाटी बाजूला केली. "ठिवा. समद्यास्नी दुष्काळी काम मिळालं, तिलाबी मिळू द्या."

दामल्यांना हे पटवणं जास्त कठीण गेलं. पण एकदा कबूल झाल्यावर त्यांनी ते काम प्रयोगशाळेच्या शिस्तीनं केलं. बाटल्यांची तोंडं स्पिरिटनं पुसली, त्या फडक्यात गुंडाळल्या आणि कोंबडीखाली सारल्या. कोंबडीनं त्यांच्या मनगटावर चोच मारली, बाटल्या पायानं नीट केल्या आणि पिसं फुगवून बसली. दामल्यांनी तिच्या पोटाखाली तापमापक घातला, वाचला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला. "आपल्या पेटीपेक्षा स्थिर आहे," ते म्हणाले. मेहुण्यांची आठवण येऊन त्यांचा चेहरा पडला.

दुपारी आप्पा गप्प झाले. बडबड थांबली, हात उचलणं थांबलं. वाडीतल्या लोकांना वाटलं, गुण येतोय. मला ठाऊक होतं की हे तसलं गप्प होणं नव्हे. माळावरून पहारींचा आवाज येत होता. सरूबाई माझ्याकडं बघत होती आणि मी घड्याळाकडं बघत असल्याचं नाटक करत होते. वॉर्डात असताना अशा वेळी फाईल चाळता येते, कुणाला तरी काहीतरी आणायला पिटाळता येतं. इथं बाजेच्या पायथ्याशी बसून राहण्याखेरीज काही नव्हतं. ती एकदाच बोलली. "बाई, कोंबडीला इचारून या की."

मी गेले. कोंबडी जागेवर नव्हती. अंगणात धूळ अंगावर घेत लोळत होती. दामले दोन्ही काखांत एकेक बाटली दाबून, हात छातीशी आवळून, तिच्यापुढं उकिडवे बसले होते. "ये गं, ये बाई," ते तिला विनवत होते. "थोडाच वेळ राहिलाय."

ती तिच्या सवडीनं आली.

ऊन उतरायच्या आत बाटली गढूळ दिसू लागली. दामल्यांनी काचेवर थेंब घेतला, रंगवला, धुतला. धुण्यासाठी गुलाबभाईंच्या बेगमनं दिलेलं पाणी वापरलं. त्या वेळी त्या वाडीत ती केवढी उधळपट्टी होती ते आम्हा दोघांनाही कळत होतं. शाळेच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडून त्यांनी आरसा मावळतीकडं फिरवला आणि डोळा लावला. मग हा शांत, सोवळा माणूस दोन्ही हात वर करून ओरडला, "घोस! डॉक्टर, द्राक्षांचे घोस!"

घोसासारखे दिसणारे जंतू म्हणजे कुठलं औषध, ते मला बघताक्षणी कळलं. पण ओरडणं माळापर्यंत गेलं होतं. खड्ड्यातली माणसं पहारी टाकून पळत आली. सगळ्यांत पुढं तात्या.

"लागलं?"

"लागलं!" दामले म्हणाले.

"पानी?"

"जंतू!"

तात्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला हसूही आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली. पण ते मागं सरले नाहीत. मी औषध भरत होते तेव्हा त्यांनीच आप्पांचा हात सरळ धरून ठेवला.

त्यानंतर

ताप एकदम उतरला नाही. गुलाबभाई बॅटरी घेऊन आले तेव्हा आप्पांनी पाणी मागितलं होतं, एवढीच खूण. पण मी पाहिलेल्या खुणांत ती सगळ्यांत मोठी. त्यांना आता घाटातून न्यायचं कारण उरलं नाही. गुलाबभाई नगरहून आणखी औषध घेऊन आले, येताना शेजारच्या गावातले दोन जखमी घेऊन आले, आणि त्रिकोणावर डांबर फासून आले. आम्ही वाडीतच मुक्काम केला. ओट्यावर माझा दवाखाना भरू लागला. कामावरच्या बाया कापलेली बोटं दाखवायला येत, आणि दुखणं सांगून झालं की कोंबडी बघून जात.

पुढची सगळी वर्षं मी याच विषयात घालवली. मोठ्या सभांतून बोलले. माणसाला पहिलं योग्य औषध किती लवकर मिळतं यावर त्याचं जगणं कसं ठरतं, हे सांगत फिरले. त्या प्रवासाचा अहवाल लिहिताना दामल्यांनी बाटल्यांच्या उबेबद्दल 'स्थानिक जिवंत साधन' असे शब्द घातले. सरांनी त्यावर लाल रेघ ओढून विचारलं, "म्हणजे काय?" दामल्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पण हे सगळं नंतरचं. आप्पा पुरते शुद्धीवर आले त्या सकाळी सगळी वाडी लिंबाखाली जमली. खड्डा पुरुषभर खोल गेला होता, खाली काळा पाषाण लागला होता आणि त्यात ओल नव्हती. आप्पांना पाठीला टेकू देऊन बसवलं. तात्यांनी अदबीनं विचारलं, "आप्पा, आनखी किती खाली जायचं?"

"कुठं?"

"तूच दावल्याल्या जागी. त्या दामलेसायबावर बोट रोखलंस की. तीन येळा."

आप्पांनी दामल्यांकडं पाहिलं. त्यांना हा माणूस आठवेना. मग कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "मी कवा दावलं? तोंडावर माशी बसत हुती. हाकलत हुतो तिला."

खड्ड्यावरून आलेल्या एकानं हातातली पहार खाली ठेवली. मला वाटलं, आता काही खरं नाही. मी तात्यांकडं बघायचं टाळलं. तेव्हा सरूबाई हसली. आधी पदरात, मग पदर बाजूला करून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माशीची हिर!" ती म्हणाली. तात्या आधी गंभीर राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग सगळी वाडी हसली. ज्यांनी तो पाषाण फोडला होता, ते तर एकमेकांच्या पाठी बडवत होते. इतक्या कोरड्या तोंडांनी माणसं इतकं हसू शकतात, हे मी तेव्हा पाहिलं.

आप्पा मात्र हसले नाहीत. ते खड्ड्याच्या दिशेनं बघत होते. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, "बाई, मला चालाया कवा येईल?"

पायाची सूज ओसरायला आणखी बरेच दिवस गेले. ज्या दिवशी मी परवानगी दिली त्या दिवशी नवं भांडण निघालं. मी म्हणत होते, पायात वहाणा घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आप्पा म्हणत होते, वहाणेतून पाणी कळत नाही. सरूबाई माझ्या बाजूनं, तात्या त्यांच्या. शेवटी तात्यांनीच तोड काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर यायच्या आत वाडीतल्या साऱ्या बाया-बापड्या केरसुण्या आणि खराटे घेऊन माळावर उतरल्या. पुढं खराट्यांची रांग, मागं हातानं काटे-कुसळं वेचणाऱ्या म्हाताऱ्या, त्यांच्यामागं तळहातावर नारळ धरलेले भिवाआप्पा, अनवाणी. एवढी झाडलेली जमीन मी आमच्या शस्त्रक्रियेच्या खोलीतही पाहिली नाही. माझ्याही हातात खराटा होता. दामले आपल्या वाट्याचा पट्टा दोनदा झाडत होते.

आप्पा सावकाश चालत होते, जरासे लंगडत. माळाचा मधला उंचवटा ओलांडल्यावर ते थांबले. खराटे थांबले. त्यांनी डोळे मिटले. नारळ हलला की हात, ते मला दिसलं नाही. तात्यांनी मागच्या माणसाच्या हातातली पहार न बघताच ओढून घेतली.

"हितं," आप्पा म्हणाले.

तात्यांनी पहार वर उचलली.

"हितं जरा बसू द्या मला. दमलो."

सरूबाईनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मी नाडी पाहिली. ठीक होती, थकलेली होती इतकंच. मग आम्ही सगळेच त्यांच्याभोवती झाडलेल्या मातीवर बसलो. तंबाखू फिरली. कुणीतरी दामल्यांना कोंबडीची खुशाली विचारली. ऊन चढायला लागलं तसं आप्पा उठले, नारळ पुन्हा हातावर घेतला आणि पुढं निघाले, आणि खराटे पुन्हा त्यांच्यापुढं धावले.

मी मागं राहिले होते म्हणून मला दिसलं. तात्यांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि आप्पा जिथं दम खायला बसले होते तिथं गुपचूप एक दगड ठेवला.

मी खराटा उचलला आणि त्यांच्यामागून चालू लागले.